गाठींचा नकाशा

२०२२ च्या मार्च महिन्यात, नागपुरात घरोघरी करतात त्याप्रमाणे, मी गच्चीवरच्या खोलीतून कूलर उतरवून खिडकीशी बसवत होतो. तेव्हा त्याच्या पत्र्याची कड माझ्या डाव्या नडगीला लागली. ओरखडा दोन इंचांचाही नव्हता. हळद दाबली, चार दिवसांत खपली धरली आणि मी तो विसरून गेलो. पंधरवड्याने त्याच जागी वाटाण्याएवढी गुलाबी गाठ दिसू लागली, तिसऱ्या आठवड्यात ती बोराएवढी झाली आणि पाचव्या आठवड्यात मी पट्टी लावून मोजली तेव्हा तिचा व्यास २२ मिलिमीटर भरला. कडा गोल, चकचकीत आणि चढत्या होत्या, मधोमध खळगा होता, आणि त्या खळग्यात पिवळसर तपकिरी, शिंगासारखा कठीण पदार्थ घट्ट बसलेला होता. चालताना ती दुखत नसे, मात्र पायजमा घासला तरी कळ येई.

भूमी अभिलेख खात्यात मी ३४ वर्षे भूकरमापक होतो. उमरेड, कुही, भिवापूर, काटोल या तालुक्यांतील शिवारे मी उन्हाळ्यातच अधिक मोजली, कारण पिके निघून गेल्यावर बांध स्पष्ट दिसतात. अर्ध्या बाहीचा सदरा आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट हा माझा अनेक वर्षांचा वेश. त्या उन्हाचा माझ्या आजाराशी संबंध असू शकतो, हे मला निवृत्तीनंतर चार वर्षांनी कळले. मोजण्याची सवय मात्र सुटली नव्हती, म्हणून मी पहिल्या गाठीपासूनच एका वहीत दर रविवारी तारीख, जागा आणि व्यास लिहीत गेलो. पुढे गाठी वाढल्या तेव्हा दोन्ही पायांची आकृती काढून प्रत्येक गाठीला गावनकाशातील गटाप्रमाणे क्रमांक दिला. ही वही पुढे उपचारात उपयोगी पडली, म्हणून तिचा उल्लेख आरंभीच करतो.

एप्रिलमध्ये मी एका खासगी शल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी गाठीचा वरचा पापुद्रा काढून तपासणीला पाठवला आणि आठव्या दिवशी अहवाल आला: ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे त्वचेचा कर्करोग. त्या संध्याकाळी घरात कोणीही दिवा लावला नाही. माझी पत्नी देवघरासमोर बसून राहिली आणि मुलगा पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघाला. मे महिन्यात गाठ आजूबाजूच्या निरोगी त्वचेसह काढून टाकण्यात आली आणि जखम मोठी असल्यामुळे उजव्या मांडीची त्वचा सोलून तेथे लावली. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पाय उंच ठेवून तीन आठवडे काढले. एकच गाठ असताना ती पूर्ण काढून टाकणे हाच सर्वमान्य उपाय आहे, हे मला आता ठाऊक आहे, त्यामुळे त्या पहिल्या शस्त्रक्रियेबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यापुढच्या काळाबद्दल. जुलैमध्ये टाक्यांच्या रेषेवर तीन नव्या गाठी आल्या आणि उजव्या मांडीवर, जेथून त्वचा घेतली होती नेमक्या त्याच पट्ट्यात, दोन. शल्यचिकित्सकांनी रोग पसरल्याचे सांगितले आणि ऑगस्टमध्ये नडगीवरच्या दोन गाठी पुन्हा कापल्या. सप्टेंबर संपेपर्यंत त्या टाक्यांभोवतीही नव्या गाठी उगवल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी माझ्या वहीत ११ गाठींची नोंद आहे. आता यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार करावे लागतील, असे मला सांगण्यात आले. प्रत्येक नवी गाठ जुन्या जखमेवरच का येते, हा प्रश्न मी दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा तो ऐकून घेतला गेला नाही. कर्करोग पसरतो तेव्हा तो सुरीच्या रेषेचा असा नेमका माग काढत जाईल का, ही शंका मला वहीतील नकाशा पाहतानाच येत होती. पण मी डॉक्टर नव्हतो आणि घाबरलेला होतो.

दसऱ्यानंतर एकदा मांडीला मलम लावताना पत्नी थबकली. ‘अहो, हे पाहा बरं, ही गाठ खाली बसून राहिली,’ असे ती म्हणाली. क्रमांक ५ ची ती गाठ जुलैअखेरीस १५ मिलिमीटर होती. कोणीही तिला हात लावलेला नव्हता, आणि ती आता ९ मिलिमीटर भरली. मधला कठीण भाग गळून तेथे सुरकुतलेला खड्डा उरला होता. कर्करोगाची गाठ आपोआप विरघळत नाही एवढे सामान्य ज्ञान आम्हा दोघांना होते. दुसऱ्याच सोमवारी आम्ही मेडिकलच्या त्वचारोग विभागात गेलो.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला नागपुरात सगळे मेडिकलच म्हणतात. मानेवाडा रोडवरून तुकडोजी पुतळ्यामार्गे ते आम्हाला जवळ पडते, आणि तरीही सहा महिने आम्ही तेथे गेलो नव्हतो, कारण गर्दीची भीती वाटत होती. गर्दी होतीच. केस पेपरच्या खिडकीवर एक तास, बाकावर दोन तास. पण आत गेल्यावर ज्या डॉक्टर मॅडमनी मला तपासले, त्यांनी चाळीस मिनिटे दिली, आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटे त्यांनी केवळ वही वाचली. त्यांनी विचारले, ‘काका, पहिली गाठ किती दिवसांत एवढी झाली? नक्की सांगा.’ मी पाच आठवडे म्हणून सांगितल्यावर त्यांनी क्रमांक ५ च्या रकान्यावर बोट ठेवले आणि भिंगातून ती गाठ बराच वेळ पाहिली.

त्यांनी त्या दिवशी जो शब्द उच्चारला तो मी घरी येऊन तीनदा लिहून काढला: केराटोअकँथोमा. सहा ते आठ आठवड्यांत झपाट्याने वाढणारी, ज्वालामुखीच्या तोंडासारखी दिसणारी, काही काळ तशीच राहणारी आणि पुढे काही महिन्यांत बहुधा स्वतःहून जिरणारी ही गाठ त्वचेच्या कर्करोगाशी इतकी मिळतीजुळती असते की सूक्ष्मदर्शकाखालीही दोघींत गल्लत होते. काही तज्ज्ञ तिला त्याच कर्करोगाचा सौम्य प्रकार मानतात आणि काही वेगळा आजार मानतात. हा वाद अजून मिटलेला नाही, असेही मॅडमनी मोकळेपणाने सांगितले. फरक ओळखण्याची किल्ली गाठीच्या घडणीत असते. कडा कशा वळल्या आहेत, तळ सपाट आहे की मुळ्या खोल गेल्या आहेत, हे दिसावे लागते. पापुद्रा काढून पाठवला तर पेशी दिसतात, घडण दिसत नाही. आमच्या धंद्यातील उदाहरण द्यायचे तर, शेताच्या एका कोपऱ्यातील माती हातात घेऊन त्या शेताचा आकार सांगता येत नाही.

म्हणून पुन्हा बायोप्सी ठरली, पण वेगळ्या पद्धतीची. क्रमांक ८ च्या गाठीतून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधल्या खळग्यातून आणि खाली चरबीच्या थरापर्यंत, कलिंगडाच्या फोडीसारखा उभा तुकडा घेतला. जुन्या शस्त्रक्रियेतील मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्याही मागवून घेतल्या. जांघेतील लसग्रंथींची (लिम्फ नोड) सोनोग्राफी झाली आणि त्यात काही आढळले नाही. दोन आठवड्यांनी पॅथॉलॉजी, शल्यचिकित्सा आणि त्वचारोग अशा तिन्ही विभागांच्या डॉक्टरांनी माझे कागद एकत्र पाहिले आणि निदान केराटोअकँथोमा असेच ठरले. ‘शंभर टक्के खात्री कोणीच देणार नाही काका, म्हणून आपण दर महिन्याला पाहत राहू. एखादी गाठ तीन-चार महिन्यांत बसली नाही किंवा वेगळी वागली, तर ती काढू,’ असे मॅडम म्हणाल्या. ज्या निदानात खात्रीची मर्यादा सांगितलेली होती, त्यावर माझा विश्वास बसला.

या आजाराचे आनुवंशिक रूपही असते, म्हणून त्यांनी माझे वडील, काका, आत्या, भावंडे यांची चौकशी करून वंशावळ काढली. १९३४ साली फर्ग्युसन स्मिथ या स्कॉटिश डॉक्टरांनी, आपोआप बऱ्या होणाऱ्या अशा अनेक गाठी असलेल्या रुग्णाची नोंद केली. पुढे स्कॉटलंडमधील अनेक कुटुंबांत तो आजार पिढ्यान्‌पिढ्या आढळला आणि २०११ मध्ये त्याचे मूळ एका विशिष्ट जनुकातील दोषात सापडले. १९५० साली ग्झिबोव्स्की या पोलिश डॉक्टरांनी वर्णन केलेल्या दुसऱ्या प्रकारात शेकडो बारीक गाठी अंगभर उठतात. माझे प्रकरण या दोहोंत बसत नव्हते. उन्हाने जीर्ण झालेल्या पायांच्या त्वचेवर, विशेषतः जखमेनंतर, उतारवयात अनेक गाठी येण्याचा जो प्रकार आहे, तो माझा होता. त्यात सुरीची जखमही नव्या गाठीला निमंत्रण ठरू शकते. माझ्या दुर्लक्षित प्रश्नाचे उत्तर एवढे साधे होते. मी ते ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

उपचार म्हणून ॲसिट्रेटिन ही कॅप्सूल ठरली. गाठीच्या आत औषध टोचण्याचा पर्यायही होता, पण ११ ठिकाणी वारंवार सुई टोचणे मॅडमना योग्य वाटले नाही. ॲसिट्रेटिन हे अ जीवनसत्त्वापासून घडवलेल्या रेटिनॉइड नावाच्या औषधगटातील असून मुख्यतः सोरायसिस या त्वचेवर खवले धरणाऱ्या आजारासाठी वापरले जाते. त्वचेच्या पेशींच्या केंद्रकापर्यंत पोहोचून ते त्यांची बेसुमार वाढ आवरते आणि त्यांना नीट पक्व व्हायला लावते. ज्यांचे मूत्रपिंड बदललेले असते आणि ज्यांना वारंवार त्वचेचे कर्करोग होतात, अशा रुग्णांत नव्या गाठी रोखण्यासाठीही ते दिले जाते. ते आजार मुळासकट काढत नाही, घेत असेपर्यंत आवरून धरते. ‘हे औषध म्हणजे पाटाला लावलेली फळी आहे, विहीर बुजवलेली नाही,’ असे मॅडमनी सांगितले. त्या काटोलकडच्या शेतकरी घरातल्या, म्हणून हे उदाहरण त्यांना सहज सुचले असावे.

कॅप्सूल हातात पडण्यापूर्वी यकृत, मूत्रपिंड, साखर आणि रक्तातील चरबीच्या तपासण्या झाल्या. माझे वजन ६२ किलो असल्याने दिवसाला २५ मिलिग्रॅम, म्हणजे एक कॅप्सूल, या मात्रेने आरंभ करायचे ठरले. औषध सगळीकडे मिळत नाही. पहिल्या महिन्यात मला धंतोली आणि रामदासपेठेतील पाच दुकाने हिंडावी लागली, नंतर एका दुकानदाराने दरमहा माझ्यासाठी मागवून ठेवायला सुरुवात केली.

त्या दिवशी झालेल्या समजावणीतील सर्वांत मोठा भाग माझ्याबद्दल नव्हता, माझ्या घरातील स्त्रियांबद्दल होता. गर्भावस्थेत या औषधाचा अंश जरी पोटात गेला तरी बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते सहसा दिलेच जात नाही. देणे भागच पडले तर शेवटच्या कॅप्सूलनंतर पूर्ण ३ वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. ॲसिट्रेटिन स्वतः शरीरातून काही आठवड्यांत निघून जाते, पण मद्याच्या सान्निध्यात त्याचे रूपांतर एट्रेटिनेट या जुन्या औषधात होते, आणि ते शरीराच्या चरबीत दडून वर्षानुवर्षे राहू शकते, म्हणून ही मुदत इतकी लांब आहे. आमच्या सूनबाई तेव्हा पुण्याहून येणार होत्या आणि त्या दोघांना मूल हवे होते. मी कॅप्सूलचा डबा लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, कुलपात ठेवला. एकदा पाकिटातील एक कॅप्सूल दबून फुटलेली निघाली, तेव्हा पत्नीने ती भुकटी ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बांधून टाकून दिले आणि सूनबाईंना त्या खोलीत जाऊ दिले नाही. कोणाला हे अति वाटेल. मला वाटले नाही.

दुसरी अट मला जिव्हारी लागली. मी वयाच्या २४ व्या वर्षापासून रक्तदान करत आलो. शिबिरात नाव घेऊन हाक मारतील इतका तो नेम होता, आणि २०२२ च्या जानेवारीत ५८ वी पिशवी दिली होती. हे औषध घेताना आणि थांबवल्यानंतर ३ वर्षे रक्त द्यायचे नाही, कारण ती पिशवी एखाद्या गर्भवतीला लागू शकते. मी ६२ वर्षांचा होतो आणि आपल्याकडे रक्तदानाची वयोमर्यादा ६५ आहे. साधी वजाबाकी होती. रक्तपेढीत जाऊन मी स्वतः कळवले, आणि तेथील ताईंनी माझे कार्ड परत न घेता ‘हे राहू द्या तुमच्याकडे,’ म्हटले. ते अजून पाकिटात आहे.

नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात पहिली कॅप्सूल घेतली. ती जेवणासोबत आणि तेही स्निग्ध जेवणासोबत घ्यावी लागते, उपाशीपोटी घेतली तर जवळजवळ निम्मेच औषध अंगात उतरते. दुसरीकडे हेच औषध रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढवते. तेव्हा पोटात थोडी चरबी हवी आणि रक्तात ती नको, असा पेच पत्नीसमोर आला. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत माझे ट्रायग्लिसराइड १४२ वरून ३१८ वर गेले होते. घरातली सावजी रश्शाची तर्री बंद झाली, वडाभातावर तेलाची फोडणी ओतून घेणे बंद झाले, गुळाचा चहा आणि संत्रा बर्फीही गेली. दुपारच्या जेवणात कॅप्सूलपुरते मोजून दोन चमचे तूप किंवा मूठभर शेंगदाणे ठेवले. पहाटे अंबाझरीला पाऊण तास चालणे सुरू केले. पुढच्या महिन्यात आकडा २३६ वर आला आणि मात्रा कमी करावी लागली नाही. ही कामगिरी माझ्यापेक्षा तिची आहे.

ओठ नवव्या दिवशीच फुटले. रेटिनॉइड घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ फुटतात, इतके की ते न फुटणाऱ्या रुग्णाला डॉक्टर विचारतात की औषध घेता ना. खिशात व्हॅसलीनची डबी आली आणि ती आजही आहे. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत सकाळी नाक शिंकरले की रक्ताचा धागा येई. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटे, म्हणून थेंब सुरू झाले. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत, म्हणून अंधार पडल्यावर स्कूटर चालवणे सोडले. तिसऱ्या महिन्यात केस विरळ झाले. तळहात आणि बोटांची टोके कांद्याच्या पातीसारखी सोलवटू लागली, आणि नंतरच्या वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेलो तेव्हा यंत्राने दहाही बोटांचे ठसे नाकारले. शेवटी डोळ्यांवरून ओळख पटवून दाखला निघाला. नागपूरचा उन्हाळा हा या औषधाचा खरा कस आहे. त्वचा पातळ होते, ऊन सोसत नाही, कूलरची हवा सुरुवातीला ओली आणि खसाच्या ताट्या वाळल्या की कोरडी. मी सकाळी नऊनंतर बाहेर पडणे टाळले आणि पडलोच तर पूर्ण बाही, पायांत लांब मोजे आणि तोंडाला दुपट्टा.

आणि गाठी? पहिले पाच आठवडे काहीच घडले नाही. वहीतील आकडे तसेच राहिले, एका ठिकाणी तर २ मिलिमीटर वाढले, आणि त्या रविवारी मी औषध थांबवण्याचा विचार पत्नीजवळ बोलून दाखवला. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात हे मला सांगितलेले होते. पण सांगितलेले असणे वेगळे आणि रोज फुटक्या ओठांनी वाट पाहणे वेगळे. सहाव्या आठवड्यात क्रमांक ३ च्या गाठीच्या कडेची चकाकी गेली. बोटाने दाबल्यावर जी कड पेरूच्या देठासारखी टणक लागे, ती पिकलेल्या जांभळासारखी लागू लागली. गुलाबी रंग तपकिरी झाला, मधल्या कठीण खुंटीभोवती केसाएवढी फट दिसली. सातव्या आठवड्यात आंघोळीनंतर पाय टिपताना ती खुंटी पंचावर गळून पडली. मी ती उचलून खिडकीशी नेली. १० मिलिमीटर लांब, वरून काळपट, खाली निमुळती आणि मेणाच्या रंगाची, वाळलेल्या हिंगाच्या खड्यासारखी हलकी. तिच्या जागी रक्त नव्हते, लस नव्हती, फक्त ओलसर गुलाबी खळगा होता, आणि बारा दिवसांत तो भरून आला. तो खडा मी डबीत घालून मॅडमना दाखवायला नेला, आणि त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून तो दाखवला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ११ पैकी ४ गाठी उरल्या, एप्रिलमध्ये १. नवी एकही आली नव्हती. मे महिन्यात उष्म्याने त्वचा इतकी नाजूक झाली की मात्रा १० मिलिग्रॅमवर आणली, आणि ऑगस्टमध्ये, डास चावून खाजवलेल्या जागी, क्रमांक १२ आणि १३ उगवल्या. पाटाची फळी थोडी वर उचलली होती आणि पाणी लगेच दिसले. मात्रा पुन्हा २५ केली. त्या दोन्ही गाठी नोव्हेंबरपर्यंत बसल्या. तेव्हापासून आम्ही खिडक्यांना जाळ्या लावल्या आहेत, आणि मी नखे दर तीन दिवसांनी कापतो.

त्याच सप्टेंबरमध्ये मला कडक ताप आला. पावसाळ्यात आपल्या भागात स्क्रब टायफस हा बारीक किडीच्या चाव्याने होणारा ताप असतो, म्हणून गल्लीतील डॉक्टरांनी रास्त विचार करून डॉक्सिसायक्लिन लिहून दिले. मॅडमनी माझ्या केस पेपरच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहून ठेवले होते की टेट्रासायक्लिन गटातील कोणतेही औषध ॲसिट्रेटिनसोबत चालणार नाही, कारण दोन्ही मिळून कवटीतील दाब वाढू शकतो आणि दृष्टीला धोका पोहोचतो. मी तो कागद पुढे केला. त्यांनी चिठ्ठी फाडून ॲझिथ्रोमायसिन दिले आणि ताप तिसऱ्या दिवशी उतरला. अ जीवनसत्त्व असलेल्या शक्तीच्या गोळ्याही अशाच वर्ज्य आहेत, आणि त्या तर आपल्याकडे कोणीही कोणालाही सुचवतो. हा केस पेपर मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रवासातही सोबत ठेवतो.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गल्लीतील एका वहिनींच्या २२ वर्षांच्या मुलीला कोपरांवर सोरायसिस आहे. माझे पाय सुधारलेले पाहून त्या एका संध्याकाळी आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमच्या गोळीचं नाव द्या ना, आणि उरल्या असतील तर आठ-दहा गोळ्याही. पोरीचं पुढच्या वर्षी लग्न करायचं आहे.’ औषध त्याच आजाराचे आहे, त्यामुळे त्यांची मागणी गैर वाटण्यासारखी नव्हती, आणि म्हणूनच ती भयंकर होती. मी त्यांना बसवले, पत्नीलाही बोलावले, आणि ३ वर्षांचा हिशेब सांगितला. आठ-दहा कॅप्सूलही चालणार नाहीत हे समजावताना माझा आवाज चढला, याबद्दल मी नंतर त्यांची क्षमा मागितली. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः त्या मायलेकींना मेडिकलमध्ये घेऊन गेलो, आणि मुलीला लावायचे मलम मिळाले. औषधाच्या पाकिटावर इशारा छापलेला असतो, पण सुटी पाने हातोहात दिली जातात तेव्हा तो इशारा मागेच राहतो. ज्यांच्या घरी ही कॅप्सूल आहे त्यांनी ती कोणालाही, कितीही जवळच्या माणसालाही, देऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता मी २५ मिलिग्रॅमची कॅप्सूल एक दिवसाआड घेतो. रक्ततपासणी दर तीन महिन्यांनी होते, आणि पाठीच्या कण्याचे क्ष-किरण चित्र एकदा काढून ठेवले आहे, कारण दीर्घकाळ घेतल्यास हाडांवर अनावश्यक वाढ होऊ शकते. डाव्या नडगीवर शस्त्रक्रियेची मोठी खूण आहे आणि तिच्याभोवती खळग्यांच्या लहान पांढऱ्या खुणा. नकाशावर त्या सर्व गटांसमोर मी ‘बंद’ असे लिहिले आहे. क्रमांक १४ तेवढा उघडा आहे. गेल्या महिन्यात गुलाबाच्या काट्याने उजव्या पोटरीला ओरखडा आला आणि तेथे ती उठली. तीन रविवारांपूर्वी ८ मिलिमीटर, मागच्या रविवारी ७, काल ६. मॅडमनी तिला हात लावायचा नाही असे सांगितले आहे. मंगळवारी तपासणीसाठी रक्त द्यायला जायचे आहे, उपाशीपोटी, आणि वही सोबत न्यायची आहे.